गुप्तदानाचा लाडू

मंगळवार, दोन डिसेंबर. परदेशातल्या प्रोग्रामिंग स्पर्धेला निघालेल्या आमच्या तीन विद्यार्थिनींपैकी एकीचं विमानाचं तिकीट बाकी होतं, म्हणून मी मंगला गौरीच्या देवळाबाहेर वर्गणी मागत होते. एका अनोळखी म्हातारीने विचारलं, "आणि बिटिया हरल्या तर?"

"परत येतील."

ती खुदकन हसली. पदराखालून बेसनाचा लाडू काढून तिने माझ्या तळहातावर दाबला. "गुप्तदान आहे. फोडा, खाऊ नका."

"रसीदीवर नाव काय घालू?"

"नाव घातलं की अर्धं दान घरी परत येतं, बाई," म्हणत ती पायऱ्या उतरली.

लाडवात सोन्याचं वेढणं निघालं. ते तिच्याच बोटातलं होतं की आणखी कुणाच्या, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराफाकडे वेढणं मोडलं, तिसरं तिकीट काढलं आणि रसीदीवरची नावाची जागा कोरी ठेवली.