चूक धाग्याची, रिळाची की आमची?

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या जमतात ना, तसे ते जमतात. एक दिवस दार उघडावं आणि सगळ्या अंगावर पडाव्यात! आमच्या पंचवटीतल्या पारायणाच्या नऊ जणींकडे गेल्या वर्षीचे असे बरेच पडून आहेत. सगळे एका गुडघ्याचे. गुडघा माझ्या सुनेचा, पल्लवीचा.

*

पल्लवी माझ्या निखिलची बायको, माहेर सायखेड्याचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. गुडघा दुखतो म्हणाली, तेव्हा नऊ जणींनी नऊ तेलं सांगितली. मी आठ लावली. नववं पाठवायला आमचं पारायण लावणाऱ्या कुमुदताई विसरल्या.

मग एक्स-रेत हाडात गाठ दिसली. तुकडा तपासायला गेला आणि चार पानी इंग्रजी रिपोर्ट आला. घरात कोणालाच उलगडेना. मी आपला तो देवासमोर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरीणबाई तरुण, चष्मेवाल्या. पान उजेडात धरून बराच वेळ बघत होत्या.

"हा लाल डाग कसला, काकू?"

"कुंकू आहे."

"बरं झालं विचारलं. मी मघापासून त्याचाच अर्थ लावत होते!"

*

रिपोर्टात लिहिलं होतं, हिस्टोनमध्ये बदल सापडला.

डॉक्टर म्हणाल्या, "काकू, घरात शिलाई मशीन आहे?"

"आहे."

"मग सोपं आहे. पेशीत खूप लांब धागा असतो, त्यावर शरीराच्या सगळ्या कृती लिहिलेल्या. तो ज्या रिळांवर गुंडाळतात, ती हिस्टोन. हिच्या गाठीतल्या पेशींत एक रीळ बिघडलंय."

"मग रीळ बदला!"

"तेच तर जमत नाही. कारण रीळ बनवायची कृतीसुद्धा त्या धाग्यावरच लिहिलेली असते. तिथलं एक अक्षर बदललंय."

मी विचार केला. परत विचार केला.

"मग चूक धाग्याची की रिळाची?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "काकू, तुम्ही माझ्या परीक्षक असतात तर मी नापास झाले असते!"

आमचे हे शेजारी बसून मान डोलावत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कळलं?" तर म्हणाले, "शिलाई मशीनपर्यंत कळलं."

*

बाकीच्या आठ जणींना फक्त एकच गोष्ट कळायला हवी होती. कॅन्सर आहे का नाही?

मी सांगितलं, "नाही. अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सर नसते."

"सुटलो!"

"पण ती हाड खात सुटते. आणि काढली तरी परत येऊ शकते."

"अगं बाई!"

"आणि अशीच रिळं दुसरीकडे बिघडली तर खरोखरचा कॅन्सर होतो म्हणे. लहान मुलांच्या डोक्यातसुद्धा."

"म्हणजे आहे?"

"हिला नाही. पण..."

कुमुदताईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. "देवाला नमस्कार करून सांगते, मला त्या गाठीची नाही, तुझ्या 'पण'ची भीती वाटते!"

*

मला थोडंफार कळलं ते पारायणामुळे.

आमची पद्धत अशी, की पोथीचे नऊ अध्याय नऊ जणींत वाटून घ्यायचे. कोणी काय वाचायचं ते कुमुदताई सकाळी मोबाइलवर पाठवतात. एका गुरुवारी त्यांनी घाईत सगळ्यांना सातवाच पाठवला! आम्ही सगळ्यांनी भक्तिभावाने सातवा वाचला, "झाला" म्हणून हात जोडल्याचं चित्रही पाठवलं. संध्याकाळी आरतीला उलगडा झाला. पहिला नाही, दुसरा नाही, समाप्तीचाही नाही. नुसता सातवा, नऊ वेळा!

कुमुदताई म्हणाल्या, "असू दे. देवाला सातवा तोंडपाठ झाला असेल."

मी मात्र डॉक्टरांना तपासणीच्या वेळी हे सांगितलं. त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "अगदी हेच! रिळांवर खुणा असतात. हे पान आत्ता वाचा, ते बंद ठेवा. रीळ बिघडलं की खूण नीट बसत नाही. बंद ठेवायचं ते उघडतं, उघडं हवं ते बंद पडतं. मग पेशी जाणती व्हायचं विसरते आणि नुसती वाढत राहते. कॅन्सरची वाट बऱ्याचदा अशीच सुरू होते."

"पण आमची खूण कुमुदताईंनी चुकवली. हिची कोणी चुकवली?"

"कोणीच नाही. आपोआप होतं."

आपोआप! इतकी व्रतं केली मी, सोळा सोमवार, चातुर्मास, पण आपोआप घडणारी गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती. त्या शब्दाशी मी अजून भांडते आहे.

*

कोणीतरी केलंच असणार, असं वाटणारी मी एकटी नव्हते. पल्लवीची आई, शकुंतलाताई, सायखेड्याहून भाजीची पिशवी घेऊन आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं असलं काय नाय हो. माझी सासू नव्वद वर्षांची हाय, अजून शेतात जाती."

मला ते लागलं. म्हणजे आमच्याकडचं आहे? मीही सुरू झाले. "आमच्याकडे तर कोणाचा दातसुद्धा किडला नाही!"

"आमच्याकडं चष्मा नाय कुणाला."

"आमच्या आत्याबाई शेवटपर्यंत जिना चढत होत्या."

अर्धा तास आम्ही दोघींनी दोन घराण्यांच्या तब्येती धुऊन वाळत घातल्या. आतल्या खोलीतून पल्लवीचा आवाज आला, तिच्या आईला उद्देशून.

"तुमच्याकडची पण नाही, यांच्याकडची पण नाही. मग मी कुणाकडची, मम्मी?"

भाजी निवडायला आम्ही दोघीही एकदमच खाली बसलो.

*

ऑपरेशन ठरलं. गाठ खरवडून काढायची, हाडात सिमेंट भरायचं. सिमेंट ऐकून आमचे हे जरा सावरले, निदान तो शब्द ओळखीचा होता.

मी लगेच नवस बोलले. पल्लवी बरी झाली की ती ब्रह्मगिरीला चालत फेरी घालेल.

डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, नवस तुमचा आणि गुडघा तिचा?"

त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींना फोन केला. म्हटलं, नवस दुसऱ्याच्या नावावर करता येतो का? ते म्हणाले, "येतो. मूळ देवाला तेवढं कळवा."

मी कळवलं. फेरी आता माझ्या नावावर आहे. ऑपरेशन नीट झालं, पल्लवी काठी टेकत गच्चीवर जाते. दर काही महिन्यांनी फोटो काढून बघायचं आहे. आतापर्यंत गाठ परत आलेली नाही. पुढेही येणार नाही, असं मी रोज दिवा लावताना म्हणते.

*

आता सगळ्यात आवडता किस्सा. हा ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचा, भरती करतानाचा.

पल्लवी खाटेवर. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शकुंतलाताई. डॉक्टरांनी तोपर्यंत आम्हाला तीनदा सांगितलं होतं, की हे आईबापांकडून आलेलं नाही, त्या एका जागच्या पेशीतच झालंय. तिन्ही वेळा आम्ही "हो हो" म्हणालो होतो.

सिस्टर फॉर्म भरत होत्या. वय, वजन, ॲलर्जी. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला असा हाडाचा आजार?"

मी पल्लवीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"आमच्याकडे लिहा," मी म्हणाले.

"नाय, नाय! आमच्याकडं लिवा!" शकुंतलाताई उठूनच उभ्या राहिल्या. "माझा भाऊ लंगडायचा!"

"आमच्या आत्याबाई लंगडायच्या!"

सिस्टरनी पेन थांबवलं. "मावशी, तुम्ही आई?"

"व्हय."

"आणि काकू, तुम्ही?"

"सासू."

"मग सासरचं कसं लिहू? रक्ताचं नातं लागतं."

"लिहा हो तुम्ही," मी म्हणाले. "जागा नसेल तर बाजूला लिहा."