केशरी पाठीचा मासा

मसाउको पाण्याखाली आणि मी होडीत, अशी आमची वीस-बावीस वर्षं गेली. मलावी सरोवराच्या खडकांतले रंगीत मासे तो जिवंत धरायचा आणि ते परदेशात काचेच्या पेट्यांत जायचे. आमच्या गावासमोरच्या खडकावर केशरी पाठीचा निळा मासा होता. जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. मसाउकोची लेक तदाला त्याला नसिमाचे, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचे, गोळे टाकायची आणि बापाला दम द्यायची, "हा धरायचा नाही. हा माझा आहे."

फाटक्या परांचे मासे व्यापारी घेत नसे. लांबच्या बेटांवरून आणलेले ते मासे आम्ही वाळूवर टाकून द्यायचो. एकदा तदालाने रडून घर डोक्यावर घेतलं. "बाबा, सोडा ना त्यांना. माझ्या खडकावर राहतील." पोरीपुढे त्याचं काय चालणार? पुढच्याच पावसाळ्यात ती तापाने गेली, अकराव्या वर्षी. तो मात्र मासे तिथेच सोडत राहिला. पिशव्यांच्या गाठी मीच सोडायचो.

यंदा विद्यापीठातली एक बाई केशरी पाठीचा मासा शोधत आली. मसाउकोने आठ दिवस बुड्या मारल्या. वर आला तो प्रत्येक मासा मळकट, राखाडी. बाईने समजावलं, सरोवरातले हे सगळे रंगीत मासे मुळात एकाच माशाचे वंशज. मधलं खोल पाणी ओलांडवेना म्हणून खडकाखडकावर वेगळे पडले. इथल्या माद्या पिढ्यानपिढ्या केशरी पाठीचाच नर निवडत गेल्या. कोणी घडवलं नाही, हजारो वर्षांत घडत गेलं. मग दुसऱ्या बेटांवरचे पाहुणे मासे आले, पाणी गढूळलं, माद्यांना रंग दिसेनात, आणि सरमिसळीत तो मासा संपला.

"काका, बाहेरचे मासे इथे सोडले कोणी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मसाउकोने माझा गुडघा दाबला.

"मीच. परत नेऊन सोडायचा आळस, दुसरं काय."

आळस, आणि हा! बाई वहीत लिहून घेत होती. तो मान खाली घालून बसला. मला फार वाईट वाटलं.

ती गेल्यावर मी चिडून म्हणालो, "खरं का नाही सांगितलंस?"

"वहीत तदालाचं नाव लिहिलं असतं तिने," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं नाव आजवर कुठे लिहिलं गेलं नाही रे. ते पहिल्यांदा असं नको लिहायला."