खमिराचं कंट्रोल

लातूर जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, पाट्या मिळाल्या, लाल दिव्याची गाडी मिळाली. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यातच राहिलं असावं. मी उमरीहून मावशीकडं शिकायला आले होते आणि कॉलेजपेक्षा टँकरच्या रांगेत जास्त हजर असायचे. रांग एवढी लांब, की शेवटच्या बाईचं मत दुसऱ्या मतदारसंघात पडायचं. बीएस्सीचं शेवटचं प्रॅक्टिकल निघालं की मी नांदेडला आत्याकडं जाणार होते, जिथं गोदावरी नळातून घरात येते. राहिलं, तर आणखी एक वर्ष लातूर, मावशी आणि घागर.

प्रॅक्टिकलला मला यीस्ट आलं. मावशी त्याला खमीर म्हणायची. पाव फुगवतो तो जीव. त्याची पेशी गोल असते, पण कधी लांबट होते. हा लांबटपणा रक्तातला की परिस्थितीचा, ते मी दाखवायचं होतं. सरांनी दोन वाणं दिली, एक जन्मजात लांबट आणि एक चांगल्या घरचं गोल. गोलाची एक बशी सगळं देऊन वाढवायची, दुसरीला साखर द्यायची पण नत्र तोडायचं.

"आणि कंट्रोल ठेव," सर जाता जाता म्हणाले. "कंट्रोलशिवाय प्रयोग धरत नाहीत."

कंट्रोल म्हणजे काय, हे रेशनकार्डवाल्या माणसाला विचारावं लागत नाही. मी पिशवी घेऊन कंट्रोलच्या दुकानापुढं उभी राहिले. तिथल्या ज्वारीत दाण्यांपेक्षा किडे तब्येतीनं बरे होते. ती उकळली, गाळली आणि त्या पाण्यावर गोलाची तिसरी बशी लावली.

"काय करायलीस गं?" मावशीनं विचारलं.

"खमिराला कंट्रोल देतेय."

"त्याचं नाव कार्डावर कवा चढलं? माझ्या वाट्याची ज्वारी जंतूला, अन् म्या काय बशी चाटू?"

बाहेरच्या गावाहून परीक्षक आले. आल्या आल्या त्यांनी प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर दोन ग्लास प्यायलं आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळं मिळालेले गोल होते, टँकरच्या गुत्तेदारासारखे. नत्र तोडलेले लांब, बारीक, एकाच्या शेपटाला दुसरा, सगळ्यांची तोंडं बशीच्या काठाकडं.

"हे कुठं निघालेत?"

"टँकरकडं, सर."

"यांना परत खाऊ घातलं तर?"

"पुढची पिढी गोल निपजते, सर. जन्मजात लांबट वाण मात्र पाकात बुडवलं तरी लांबच."

त्यांनी मान हलवली. मला आत्याकडचा नळ ऐकू यायला लागला. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि कंट्रोल?"

मी तिसरी बशी पुढं केली. तिच्यात अर्धे गोल, अर्धे लांब. ना मेलेले, ना बाळसेदार.

"याला काय घातलंय?"

"कंट्रोलची ज्वारी, सर."

आमचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

परीक्षक सावकाश म्हणाले, "अगं, ज्याला सगळं नेहमीसारखं मिळतं, ज्याच्याशी बाकीचे ताडून बघायचे, तो कंट्रोल. ही तुझी गोल बशी."

"सर, आमच्याकडं ज्याला सगळं मिळतं, त्याला कंट्रोल लागत नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्या बशीत इतका वेळ पाहिलं, की मधे एक पिढी निपजली असेल. मग आमच्या सरांना म्हणाले, "हिला पास करतोय. पण या ज्वारीवर काम करण्यासारखं आहे. पोरीला सोडू नका."

सरांनी सोडलं नाही. त्यांच्याकडं डेमॉन्स्ट्रेटरची जागा रिकामी होती. उमरीहून बाबा आले, सरांचा पेढा खाल्ला आणि माझ्या आधी हो म्हणून मोकळे झाले. "नांदेडला पाणी हाय," मला म्हणाले, "पर नोकरी न्हाई."

मावशी उठून बाजारात गेली आणि पहिलीपेक्षा एक माप मोठी घागर घेऊन आली.