नऊ नंबरचा वाचक

आंदर मावळातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. लोणावळ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले, त्याबद्दल मी आजही मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानते. त्यामुळे आमचे कार्यवाह जेव्हा वाचनालयाचा एकुलता एक संगणक पत्रं टाइप करायला ऑफिसात न्यायचा म्हणाले, तेव्हा मी घाईने बोलून गेले, "सर, मी कोडिंग शिकतेय. वर्धापनदिनाला यंदाचा उत्कृष्ट वाचक कोण, ते माझा प्रोग्रॅम सांगेल."

"सांगितलं तर संगणक तुमच्या टेबलावर. नाहीतर ऑफिसात."

शिकत वगैरे मी काही नव्हते. त्याच संध्याकाळी शोधलं, तर ग्रंथपालांसाठी कोडिंगचे फुकट धडे इंटरनेटवर चिक्कार. दुसरं कुणी लगेच शिकायला बसलं असतं. मी आधी ते सगळे धडे, नवी पुस्तकं चढवतो त्या दाखल नोंदवहीत चढवले. एकेका व्हिडिओला दाखल क्रमांक दिला, विषयवार लावले. त्यांतलीच एक मार्गदर्शिका छापून काढली. सुटी पानं बघवेनात म्हणून ती बांधणीला पाठवली. यात दोन आठवडे गेले आणि कोडची एक ओळ लिहून झाली नव्हती.

मग मात्र नेटाने बसले. देवघेव नोंदवहीतले वर्षभराचे सभासद क्रमांक टाइप केले. ज्याचा क्रमांक सर्वांत जास्त वेळा, तो उत्कृष्ट वाचक, असा साधा हिशेब. असंख्य चुका निस्तरल्यावर एकदाचा प्रोग्रॅम चालला आणि पडद्यावर आकडा आला: ९. मी संगणकाला हात जोडले. सभासदांच्या यादीत नऊ नंबरला मळवलीचे कुणी गृहस्थ होते. नाव ओळखीचं नव्हतं. एवढा वाचणारा माणूस मला कधी दिसला कसा नाही, हा प्रश्न मनात आला होता, पण आनंदात तो तिथंच राहिला. मी निमंत्रण पोस्टात टाकलं.

वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत निवृत्त गुरुजी भाषण खिशात घालून बसले होते. दरवर्षी बक्षीस त्यांनाच मिळायचं. कार्यवाहांनी नाव पुकारलं आणि मागून उठले आमचे बाइंडर आबा. डोक्यावर इस्त्रीची टोपी, काखेत पुस्तकांचा गठ्ठा.

मी धावत गेले. "आबा, गठ्ठा नंतर घेते. आत्ता बसा."

"बाई, माजंच नाव घेतलं की!"

आबांना आडनाव असतं, हे मला त्या दिवशी कळलं. देवघेव टेबलावरच्या मावशींकडे वळून मी दबक्या आवाजात विचारलं, "आबांच्या नावावर पुस्तकं कशी?"

"मग कुणाच्या नावावर टाकू? बांधनीला गेलेलं पुस्तक कुणाच्या तरी नावावर पायजेच. तुमच्या आदीचे सायेब तसंच सांगून गेले."

"मला नाही सांगितलंत?"

"तुमी कुटं इचारलं?"

तोवर गुरुजी उभे राहिले होते. "जो पुस्तक वाचत नाही, तो उत्कृष्ट वाचक? या संगणकाला आधी शाळेत घाला!"

कार्यवाह माझ्याकडे बघत होते. मला संगणक ऑफिसच्या दारातून आत जाताना दिसायला लागला.

"वाचत न्हाई, खरंय," आबा शांतपणे म्हणाले. "पन शिवायच्या आदी पान न् पान मोजतो. गुरुजी, तुमच्या पेन्शिलीच्या खुना, सहीसकट, पयल्या ईस पानांवर लय असत्यात. फुडं पुस्तक पार कोरं करकरीत. आमी म्हनायचो, मानूस लय जपून वाचतोय."

सभागृह हसून लोटपोट झालं. कार्यवाहांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि शाल आबांच्या खांद्यावर घातली. "गुरुजी, यंदा पानं मोजणाऱ्याचा सत्कार करू." मग माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं आम्हाला जे माहीत नव्हतं, ते तुमच्या संगणकाने काढलं. राहू दे टेबलावर. पण पुढच्या वर्षी नऊ नंबर वगळा."

कार्यक्रम संपल्यावर आबांनी माझी मार्गदर्शिका हातात दिली. सुरेख कापडी बांधणी. "बाई, हिच्यात धा ते चौदा पानं न्हाईत."

मी अनुक्रमणिका बघितली. दहाव्या पानावर प्रकरण होतं: मोजण्याआधी नोंदी तपासा. छापताना कागद संपला होता, हे तेव्हा आठवलं.

ती पानं मी दुसऱ्याच दिवशी छापली आणि पुस्तक पुन्हा आबांकडे पाठवलं. मावशींनी नऊ नंबरवर नोंद केली. या वेळी कुणाच्या नावावर टाकताय, ते मी आधी विचारलं होतं.