टोपी मागून पुढं

छापील कागदावर श्रद्धा असणाऱ्या माणसांची कधी पंगत बसलीच, तर पहिलं पान माझ्या साडूंचं मांडावं लागेल, आणि त्या पंगतीला वेळेवर पोचलेले तेवढे तेच असतील. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, त्यांना दिली आहे. अमडापुरात त्यांचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, आणि तिथं औषधाची बाटली विकत घेणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. बाटलीबरोबर खोक्यात बारीक अक्षरांचं एक पत्रक येतं. जगात इतरत्र ते पत्रक कुणी उलगडत नाही. साडू ते काउंटरवर पसरतात, चष्मा लावतात, गिऱ्हाइकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतात आणि मग विचारतात, "आता सांगा, म्या काय सांगतलं?" ज्याला सांगता येत नाही त्याला बाटली मिळत नाही. एकदा एक म्हातारे पाटील वैतागून म्हणाले, "अबे, मले फवारा मारायचा हाये, वकिली नाई करायची!" साडूंनी शांतपणे पत्रक पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. तरीही आजूबाजूची चार गावं त्यांच्याकडेच जातात.

लग्नपत्रिकेवरही त्यांची अशीच निष्ठा आहे. आमच्या भागात पत्रिकेत मुहूर्त अकरा पस्तीसचा असला, तर नवरदेव मारुतीच्या पारावरून दोन वाजेपर्यंत हलत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साडू मात्र अकराला मांडवात हजर. एकदा तर मांडवात सतरंज्या अंथरणं चालू असताना, घड्याळात अकरा पस्तीस झाले म्हणून त्यांनी रिकाम्या पाटांवर अक्षता टाकल्या, आचाऱ्याकडून वरण-भात मागून घेतला आणि साडेबाराला ते दुकानात परतही आले. नवरीच्या बापानं तक्रार केली तेव्हा त्यांनी पत्रिका काढून दाखवली. स्कूटरचंही तेच. घर ते दुकान हे अंतर फार तर दोनशे पावलांचं, पण स्कूटरच्या पुस्तिकेत लिहिलंय म्हणून हेल्मेट, आणि हेल्मेटच्या खोक्यावर लिहिलंय म्हणून पट्टा गच्च. एक दिवस हेल्मेट घरी राहिलं, तर ते भर दुपारी स्कूटर ढकलत घरी गेले.

अशा माणसानं वयाच्या बावन्नाव्या वर्षी डोक्यावर केस लावून घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला वाटलं, कुठलंतरी पत्रक वाचलं असणार. पण कारण दुसरंच होतं. साडूंचे केस लग्नानंतर गळायला लागले आणि मुक्ताचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, जावळ काढलं त्या वर्षी त्यांचंही उरलंसुरलं गेलं. पुढच्या खोलीत त्यांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात ताईंच्या शेजारी भरघोस केसांचा, भांग पाडलेला एक तरणाबांड गडी उभा आहे. मुक्ता चार वर्षांची असताना तिनं त्या फोटोकडं बोट दाखवून विचारलं होतं, "आईच्या बाजूले हा काका कोण व्हय?" घरभर हशा झाला. मीही पोट धरून हसलो होतो. साडूही हसले होते.

मुक्ताचं लग्न ठरत आलं तेव्हा एक दिवस ते मला म्हणाले, "वीस वर्सं झाली, ते माह्या डोक्यातून जाऊन नाई राह्यलं. पोरगी आता दुसऱ्याच्या घरी चालली. जायच्या आधी तिनं एकदा पाह्यलं पाह्यजे, का तो काका मीच व्हतो." मग लगेच त्यांनी युरियाच्या भावाचा विषय काढला. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर जायला तयार झालो.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात सोमवारी ते काम झालं. मागचे केस काढून पुढं लावायचे, असा तो प्रकार. संध्याकाळी तरुण डॉक्टरांनी चार पानी छापील सूचना हातात दिल्या आणि म्हणाले, "काका, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा—" साडूंनी हात वर केला. "थांबा साहेब. आधी वाचू द्या." त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिलं ते मुक्ताच्या जन्माच्या वेळीही नव्हतं. पण चौथ्या मिनिटाला ते समाधान गेलं. सूचना पाचमध्ये लिहिलं होतं की डोकं ऊन आणि धुळीपासून झाकून ठेवावं. सूचना सहामध्ये लिहिलं होतं की दहा दिवस लावलेल्या केसांना कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. आणि सूचना सात अशी, की दहा दिवसांनंतर सैल, स्वच्छ टोपी चालेल. ती मागून पुढं अलगद ठेवावी, ओढू नये, दाबू नये. "झाकायचं बी अन लागू बी नाई द्यायचं?" साडूंनी विचारलं. डॉक्टरांनी एक निळी ढगळ टोपी दिली, ती केसांपासून अधांतरी राहते म्हणाले. साडूंनी ती डॉक्टरांकडूनच घालून घेतली आणि मला बाजूनं वाकून बघायला लावलं. "लागते का?"

"लागत नसावी," मी म्हणालो.

"नसावी चालत नाई," असं म्हणून त्यांनी टोपी काढायला लावली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

मंगळवारी सकाळी ते बाजारात टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्याकडं गेले. दुपारपर्यंत बांबूची एक मोठी दुरडी तयार झाली. ती डोक्यावर उपडी राहायची, पण डोक्याला कुठंच टेकायची नाही; तिला चार कामट्या होत्या आणि त्या दोन्ही खांद्यांवर टेकायच्या. रफिकभाई टेलरनं वरून पांढरं मलमल शिवून दिलं आणि टाके घालता घालता एकदाच विचारलं, "भाऊ, अंदर हवा आती ना?" कोंबडीची पिल्लं डालग्याखाली झाकतात तसे साडू त्या दुरडीखाली राहू लागले. तिच्यासकट ते दुकानात बसायचे. हेल्मेट महिनाभर वर्ज्य, आणि हेल्मेटशिवाय स्कूटर वर्ज्य, म्हणून ते पायी यायचे, पाठ ताठ ठेवून, कामट्या सांभाळत. गिऱ्हाइकं शेतकरी, त्यांना रोपलागवड चांगली कळते. एकजण म्हणाला, "भाऊ, रोपं कुठून आणले?" साडू दुरडीच्या आतून गंभीरपणे म्हणाले, "मांगच्या वाफ्यातून." दुसऱ्यानं दोन ओळींतलं अंतर विचारलं. तेही त्यांनी पत्रकात बघून सांगितलं.

हे सगळं निभावलं असतं, कारण साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, महिन्याभरानं होतं. पण बुधवारी जानेफळहून भावी व्याह्यांचा फोन आला. मुलाची रजा बदलली होती. साक्षगंध येत्या रविवारीच करायचं. रविवार म्हणजे सहावा दिवस. ताईंनी डोक्याला हात लावला, कारण आमच्याकडं साक्षगंधात मुलाचा बाप मुलीच्या बापाला टोपी-दुपट्टा करतो. व्याही आपल्या हातानं डोक्यावर टोपी चढवतात, आणि ती टोपी डोक्यावर बसली की नातं बसलं. हे व्याही तर मानापानाला भलते हळवे. एका नातेवाइकाच्या लग्नात त्यांना टोपी उशिरा मिळाली म्हणून ते जेवणावरून उठून गेले होते, हे साऱ्या मेहकर तालुक्याला माहीत. "तारीख पुढं ढकला म्हणा," मी सुचवलं. साडू म्हणाले, "त्यायले वाटंन आपलं मन नाई. पोरीले पोरगा पसंद हाये. जाऊ."

रविवारी आम्ही जीपनं जानेफळला निघालो. साडू पुढच्या सीटवर, दुरडीत. प्रत्येक गतिरोधकाला जीप थांबवून ते खाली उतरायचे, पलीकडं चालत जायचे आणि पुन्हा बसायचे. मागच्या सीटवर मुक्ता जांभळ्या साडीत बसली होती. ती बापाकडं बघत नव्हती आणि कुणाकडंच बघत नव्हती. व्याह्यांच्या अंगणात मंडप होता आणि मंडपात अर्धं गाव. साडू आत शिरले तेव्हा एक लहान पोरगी घाबरून आईच्या पदरात लपली, बाकीचे लोक सभ्य होते, ते नुसते बघत राहिले. मुलीची ओटी भरली, अंगठ्या झाल्या, पेढे वाटले. मग व्याही उठले. उंच, काळेसावळे, पन्नास एकरांचे धनी. त्यांच्या हातात कोरी पांढरी टोपी आणि दुपट्टा होता. दुपट्टा खांद्यावर पडला, तो कामटीवर अडकून राहिला. मग टोपी.

"व्याहीबुवा," साडू म्हणाले, "टोपी आज हातात द्या. चार-पाच दिवसानं घालतो. छापेल हाये तसं."

व्याही म्हणाले, "हातात? आमच्याकडं हातात टोपी मागत्याले देतेत. तुमाले आमची टोपी चालत नाई का?"

ताईंचा चेहरा उतरला. मुक्तानं मान खाली घातली आणि तिच्या हातातली अंगठी ती फिरवत राहिली. नवरदेवाकडचे दोघे-तिघे उठून उभे राहिले. मी पुढं होऊन काही सांगणार, तेवढ्यात साडूंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ज्या माणसानं कधी औषधाच्या बाटलीवरची एक ओळ ओलांडली नाही, त्यानं दोन्ही हातांनी दुरडी उचलली, खाली ठेवली, डोळे मिटले आणि व्याह्यांसमोर डोकं वाकवलं. "ठेवा," ते म्हणाले. "दाबून ठेवा. पोरीपेक्षा केस मोठे नाई."

टाळूवर सगळीकडं बारीक बारीक लाल ठिपके होते, प्रत्येकात एकेक काळा कोंब. व्याही टोपी घेऊन वाकले आणि थबकले. बराच वेळ ते त्या डोक्याकडं बघत राहिले. त्यांनी उभं आयुष्य कांदा आणि मिरची लावली होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "कवाची लागवड हाये?"

"सोमवारची," साडू डोळे मिटूनच म्हणाले.

"सोमवारची! अन मले त्यावर पाय द्या म्हणता? काऊन सांगतलं नाई पैले? कालच्या वाफ्यात म्या बैल जाऊ देत नाई, अन व्याह्याच्या डोक्यात हात घालू?" त्यांनी स्वतः दुरडी उचलली, फुंकर मारायला गेले, साडूंनी "फुकू नका" म्हटल्यावर थांबले, ती अलगद खांद्यांवर टेकवली आणि त्या दुरडीच्या माथ्यावर, मलमलीवर, आपली पांढरी टोपी चढवली. फोटोग्राफरनं फोटो काढला. तो फोटो अजून दोन्ही घरांत आहे.

अकराव्या दिवशी साडूंनी ती टोपी पहिल्यांदा घातली, मागून पुढं, अलगद. आणि पाचव्या आठवड्यात केस गळायला लागले. दुकानात एकानं टोपीखाली डोकावून, रोपं सुकून मरायला लागल्यावर म्हणतात तसं, हळहळून सांगितलं, "भाऊ, मर लागली." असं होणारच, लावलेले केस आधी गळतात आणि मग काही महिन्यांनी पुन्हा येतात, हे सूचनांच्या चौथ्या पानावर होतं. साडू ते पान दिवसातून दोनदा वाचायचे. पण लग्न त्या महिन्यांच्या आधी होतं. मेमध्ये मुक्ताचं लग्न लागलं तेव्हा त्यांचं डोकं पूर्वीसारखंच लख्ख होतं, आणि तसंही फेटा बांधलेला होता, त्यामुळं केस होते की नव्हते याचा फोटोत कसलाही पुरावा नाही. पाठवणीच्या वेळी मुक्ता त्यांच्या गळ्यात पडून रडली. साडू एका हातानं फेटा सावरत होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पाह्यलं नाई तिनं." एवढंच.

मुक्ता नवऱ्याबरोबर बंगळुरूला गेली. पावसाळा संपता संपता साडूंच्या डोक्यावर खरोखर केस आले. गणपतीत बोटभर, दसऱ्यापर्यंत भांग पडेल इतके. पण व्हिडिओ कॉलवर बोलताना ते व्याह्यांची टोपी घालूनच बसायचे. तिला समोरासमोर दाखवायचं होतं. केस कायमचेच गेले असं समजून ती बिचारी विषयच काढत नव्हती.

दिवाळीच्या दोन दिवस आधी ती चिखलीच्या स्टँडवर उतरणार होती. साडूंनी मला उसाच्या रसाच्या गाड्यामागं उभं केलं, मला बघून ती ओळखेल म्हणून. स्वतः फलाटाच्या कडेला उभे राहिले. पांढरा शर्ट, डोक्याला तेल, फोटोतल्यासारखाच डावीकडून भांग. खिशातला कंगवा त्यांनी तीनदा काढला. बस आली. मुक्ता दोन बॅगा घेऊन उतरली, जरा वाळलेली दिसत होती. तिनं गर्दीवरून नजर फिरवली, ती पांढरी टोपी शोधत होती. चेहरे बघतच नव्हती. मग ती बॅगा ओढत सरळ साडूंच्या अंगावर आली, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "काका, जरा सरकता का?"

साडू सरकले. ती पुढं गेली.

मी गाड्यामागून निघालो होतो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो. मग त्यांनी खिशातून टोपी काढली, झटकली, उलगडली आणि मागून पुढं, अलगद, डोक्यावर ठेवली. "मुक्ते," त्यांनी हाक मारली.

ती वळली. बॅगा जागीच सोडून धावत आली. अगदी जवळ आल्यावर तिला कानाजवळचे केस दिसले असावेत. तिनं टोपी उचलली आणि बघत राहिली. बसवाले ओरडत होते, कुणीतरी तिच्या बॅगेला अडखळलं, ती हलली नाही. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "पप्पा, तो फोटोतला काका..."

"मीच व्हय," साडू म्हणाले.

तिनं डोळे पुसले. "आता मले सापडसान असे ऱ्हा," असं म्हणून तिनं टोपी त्यांच्या डोक्यावर पुढून मागं ओढून, दोन्ही हातांनी दाबून बसवली. सूचना सात मी मनातल्या मनात म्हटली: ओढू नये, दाबू नये. साडूंनी टोपी तशीच राहू दिली आणि तिच्या बॅगा उचलल्या.