एका ‘तू’साठी

रिपोर्टमध्ये एकच ओळ लाल होती. चौदाशेच्या वर सबटायटल्स, त्यांत लाल फक्त एक. पुढे क्लायंटचा शेरा: ‘फॉर्मॅलिटीत विसंगती. गंभीर चूक. आज चारपर्यंत सुधारून पाठवा.’

सक्सेनाजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “साळवी मैम, ये टाइपो है ना?”

“नहीं,” मी म्हटलं. “सोच-समझकर लिखा है.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस लखनौचा, आवाज कधीच चढत नाही. चष्मा निघाला की समजायचं, प्रकरण तापलंय.

आमचं ऑफिस नोएडात आहे. परदेशी सिनेमांना भारतीय भाषांतली सबटायटल्स आम्ही देतो. सक्सेनाजी सगळ्या भाषांचे हेड आणि हिंदीचे स्वतः एडिटर. मराठी माझ्याकडे, गेली एकोणीस वर्षं. मयूर विहारहून मेट्रोने यायचं, दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बेचाळीस अक्षरांत बसवायची आणि परत जायचं. ओळीला बेचाळीसच अक्षरं, कारण प्रेक्षकाने वाचायचंही असतं आणि हिरोकडे बघायचंही असतं. सिनेमाचं नाव सांगत नाही, करारात तशी अट आहे. एवढंच सांगते की सुपरहिरोंच्या एका मोठ्या मालिकेचा हा पाचवा आणि शेवटचा भाग होता आणि आधीचे चारही भाग मराठीत मीच केले होते.

आता फॉर्मॅलिटी म्हणजे काय ते सांगते. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत तू की तुम्ही, ते ठरवावं लागतं. पाच भाग, मधे कित्येक वर्षं, मदतीला बदलते फ्रीलान्सर. कोण कोणाला काय म्हणतं हे विसरायला होतं. म्हणून एक तक्ता असतो. हिरो मित्राला तू, हिरो प्रोफेसरांना तुम्ही, असं ओळीने लिहिलेलं. त्या तक्त्याबाहेर गेलात की चूक.

तक्त्यात सावत्र आईसमोर ‘तुम्ही’ होतं. तिचं नाव नोरा. हिरो नऊ वर्षांचा असताना ती घरात येते. तो तिला कधी आई म्हणत नाही, नावानेच हाक मारतो. चार भागांत मी त्याच्या तोंडी ‘तुम्ही’च ठेवलं. ‘नोरा, तुम्ही माझी काळजी करू नका.’ वाचतानाच दोघांमधलं अंतर दिसतं.

पाचव्या भागाच्या शेवटी प्रयोगशाळा कोसळते. हिरोची शक्ती संपलेली. आतल्या मुलांना बाहेर पडता यावं म्हणून नोरा दाराचा खटका दाबून धरून आत थांबते. तो तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. तो एवढंच म्हणतो, “यू शुड हॅव गॉन.”

मी लिहिलं होतं, ‘तू निघून जायला हवं होतंस.’

“चार फिल्म में तुम्ही, और मरते वक्त तू?” सक्सेनाजी म्हणाले. “माँ जैसी औरत है. उसे तू बोलेगा? बदतमीजी लगेगी.”

गंमत ही की ते त्यांच्या जागी शंभर टक्के बरोबर होते. लखनौमध्ये आईला ‘आप’ म्हणतात. ‘तू’ म्हटलं तर आजूबाजूची माणसं वळून बघतील. आमच्याकडे आईला ‘तुम्ही’ म्हटलं तर आईच विचारेल, माझं काय चुकलं बाबा?

मी त्यांना हे समजावलं. ते ऐकत होते, पण नजर रिपोर्टवर. “आप सही होंगी. पर टेबल तो आपका ही है.”

खरंच होतं ते. पहिल्या भागाच्या वेळी एका फ्रीलान्सरने नोराला कधी तू, कधी तुम्ही करून फाइलची खिचडी केली होती. तेव्हा मीच वैतागून तक्त्यात लिहिलं होतं, ‘नोरा: तुम्ही. कुठेही बदलायचं नाही.’ वर पिवळा रंगही मारला होता. आता क्लायंटने तोच पिवळा चौकोन कापून रिपोर्टला जोडला होता. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे.

“कंटेस्ट करूया,” मी म्हटलं. कंटेस्ट म्हणजे चूक आपली नाही असं क्लायंटला लेखी कळवणं. मान्य झालं तर उत्तम. नाही झालं तर फाइल नापास. आणि या मालिकेची फाइल नापास झाली तर पुढचं सगळं मराठी काम मुंबईच्या एजन्सीकडे जाणार, हे क्लायंटने आधीच कळवलं होतं. दोन शब्द बदलले असते तर हा प्रश्नच मिटत होता. ‘तुम्ही’ आणि ‘होतंत’. अर्ध्या मिनिटाचं काम. पण माझा हात जाईना. चार भाग मी तो ‘तुम्ही’ सांभाळला होता तो कशासाठी, हे मला त्या प्रसंगाला पोचल्यावर कळलं होतं.

सक्सेनाजींनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “आपका कहना एक तरफ. कोई मराठी देखनेवाला बताए. फॅन हो तो और अच्छा.”

गुप्ततेच्या करारावर सही केलेलं, मराठी वाचणारं आणि या मालिकेचं वेड असलेलं ऑफिसात एकच माणूस होतं. तेजू गायकवाड, आमची प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. बार्शीची. यूपीएससीसाठी दिल्लीत आली, चार अटेम्प्ट दिले आणि मग आमच्याकडे लागली. फाइली क्लायंटला तीच पाठवते. पण शेवटचा भाग आल्यापासून, शेवट आधी कळू नये म्हणून, ती डोळे अर्धवट मिटून पाठवत होती. पँट्रीत आम्ही बोलायला लागलो की कानात हेडफोन. गाझियाबादच्या मल्टिप्लेक्सचं पहिल्या शोचं तिकीट काढायचं तिने केव्हाच ठरवलं होतं.

तिला विचारायला मीच गेले. मला लाज वाटत होती.

“मॅम, शेवट बघायचा? आत्ता? ऑफिसात?”

“नाही म्हणालीस तरी चालेल.”

“कशासाठी बघायचाय?”

“ते सांगता येत नाही.”

“कॉलेजपासून बघतेय यार मी हे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग उठली. “पण बघेन तर पूर्ण. नुसता शेवट बघणार नाही.”

साडेअकराला ती एडिटिंगच्या खोलीत बसली. आम्हाला जी प्रत येते ती बघण्यासारखी नसते. चोरी होऊ नये म्हणून चित्र काळंपांढरं, मधोमध कंपनीचं नाव. संगीत अपुरं. इफेक्ट्सचं काम बाकी, त्यामुळे उडणारा हिरो दोरीला लटकलेला दिसतो आणि कोसळणारी इमारत म्हणजे राखाडी खोके. ज्या पोरीने या दिवसाची एवढी वाट पाहिली तिला मी खोके दाखवत होते.

मी आणि सक्सेनाजी मागे बसलो. ती मधेमधे हसत होती, एकदा टेबलावर हात मारला. प्रयोगशाळा कोसळायला लागली तशी ती पुढे झुकली. ती ओळ आली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिला दिसलंच नसेल तर मी कशासाठी भांडत होते?

सिनेमा संपला. तेजूने हेडफोन काढले आणि नाक पुसलं. डोळे लाल झाले होते.

“कैसा लगा?” सक्सेनाजींनी विचारलं.

“अच्छा था, सर.” मग ती माझ्याकडे वळली. “बरं झालं मॅम. शेवटी आई म्हणाला तो तिला.”

सक्सेनाजींना मराठी येत नाही, पण ‘आई’ एवढं येतं.

“कहाँ बोला?” त्यांनी विचारलं.

“तिथेच ना, सर. जब वो मर रही थी.”

त्यांनी तो प्रसंग मागे नेऊन लावला. इंग्रजी आवाजात मॉम नव्हतं, मदर नव्हतं, नोराचं नावसुद्धा नव्हतं. मग फाइलमध्ये ‘आई’ शोधायला लावलं. शब्द दोनदा सापडला, दोन्ही पहिल्या अर्ध्या तासात, शाळेतल्या भलत्याच मुलांच्या तोंडी.

“नाही कसं?” तेजू म्हणाली. “मी वाचलं ना.”

मी तिला ती ओळ दाखवली. तिने दोनदा वाचली. मग ‘तू’वर बोट ठेवलं.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. माझं नाव कधी पडद्यावर येत नाही. लोक सबटायटल वाचतात आणि त्यांना वाटतं आपण सिनेमाच ऐकतोय. चांगलं झालं तर दिसत नाही, असं हे काम. इथे तर मी न लिहिलेला शब्द एकीने वाचला होता.

कंटेस्टचं मेल सक्सेनाजींनी स्वतः लिहिलं. तेजूचं म्हणणं जसंच्या तसं घातलं. साडेतीनला उत्तर आलं, दोन शब्दांचं: ‘हेतुपुरस्सर. मान्य.’ लाल ओळ हिरवी झाली.

मी पर्स उचलत होते तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. हातात हिंदीची प्रिंट होती. आमच्याकडे हिंदी आधी होते आणि बाकीच्या भाषांना सांगितलं जातं, अडलं तर हिंदी बघा. एकोणीस वर्षं मी हेच ऐकत आले.

“हमारे यहाँ भी पाँचों फिल्म में आप है,” ते म्हणाले. “तू तो नहीं होगा. पर यहाँ ‘तुम’ कर दूँ, तो चलेगा?”

“बिल्कुल चलेगा,” मी म्हटलं आणि पर्स खाली ठेवली. आम्ही दोघांनी बसून ती ओळ बदलली.

त्यानंतर मी तक्त्यात एक नवा रकाना वाढवला: ‘कधीपर्यंत’. नव्या मुलांना सांगते, तो पेन्सिलने भरायचा. एक्सेलमध्ये पेन्सिल नसते, असं ती मला दर वेळी सांगतात.