झुलालआबा फाटकात थांबले होते का?

अन्वरचे गुडघे गेलेत. शिंदखेड्यात आणि आसपासच्या खेड्यांत त्याने इतके कॅमेरे लावलेत, की आता नुसती शिडी बघितली तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. मी सुकदेव, त्याचा भागीदार. शिडी धरायची आणि गिऱ्हाईकाशी बोलायचं, हे माझं काम. खरं सांगायचं तर बोलायचंच जास्त.

गिऱ्हाईकांचा मला अगदी वीट आलाय. चित्र कसं पाहिजे? एकदम आरशासारखं. रेकॉर्डिंग किती दिवसांचं? तीन महिन्यांचं. आणि डिस्क? सगळ्यात लहान! मी आपला म्हणतो, होईल की भाऊ, का नाही होणार? तर हा बाबा तिथल्या तिथे मला तोंडघशी पाडतो. "नाही होणार. चित्र चांगलं ठेवलं की फाइल मोठी होते, डिस्क लवकर भरते, मग मशीन जुनं पुसून त्यावर नवं लिहितं. चित्र पाहिजे का दिवस पाहिजेत, ते तुम्ही ठरवा." या खरेपणापायी किती गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, विचारूच नका.

झुलालआबांनी चित्र मागितलं. त्यांचे दोन बोकड दिवसाढवळ्या अंगणातून चोरीला गेले होते. "मानूस वळखू येवाले पाह्यजे," म्हणून अडूनच बसले. मग अन्वरने तोड काढली. चित्र वरच्या दर्जाचं, पण अंगणात काही हललं तरच रेकॉर्डिंग. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, बोकड तर गेलेलेच. महिनाभर सहज पुरेल, असा त्याचा अंदाज होता.

चैत्रात आबा गेले. सकाळी शेतात म्हणून निघाले आणि बांधावरच कोसळले. निघण्याआधी वच्छलाअक्कांशी चहावरून वाजलं होतं. आबांनी जाताना ओट्यावरून हाक मारली, पण अक्का रागात होत्या, त्यांनी ओ दिली नाही. चाळीस वर्षांच्या संसारातली ती शेवटची हाक.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, तेव्हा बाराव्या दिवशी त्यांच्या मुलाचा, नवलचा, फोन आला. आम्ही गेलो तर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या. रडून डोळे सुजलेत असंही नव्हतं. कोरडेठाक. म्हणाल्या, "अन्वरभाऊ, हाक मारीसन त्या फाटकमा थांबनात का तसाच निंघी गयात, इतलंच माले दखाडी दे."

नवल म्हणाला, "काळजी नाही, जुनं पुसलं जाऊ नये म्हणून मी पहिल्याच दिवशी बंद करून ठेवलंय." काय बंद केलं होतं? टीव्ही! सुतकाच्या घरात टीव्ही लावत नाहीत, म्हणून त्याची वायर काढून वर पंचा टाकलेला. याला वाटलं, टीव्ही बंद म्हणजे सगळं बंद. फळीवरचं रेकॉर्डिंगचं मशीन मात्र बारा दिवस बिनबोभाट चालू होतं.

अन्वरने टीव्ही जोडला. रेकॉर्डिंग निघालं ते चौथ्या दिवसापासूनचं. आमच्याकडे मयताच्या घरी दारावर भेटायला येणाऱ्यांची रीघ तुम्हाला माहीतच आहे. सकाळपासून ट्रॅक्टर भरभरून माणसं, कोपऱ्यापासूनच रडत येणाऱ्या बाया, बिड्या ओढत बसलेले पाहुणे. सगळे हलणारे, सगळे स्पष्ट, मिशीचा केस न् केस मोजावा असे. आबांसाठी रडायला आलेल्या माणसांनीच आबांना पुसून टाकलं होतं. मला तर शिसारी आली या धंद्याची.

अन्वर बराच वेळ रेकॉर्डिंग मागेपुढे करत राहिला. मग म्हणाला, "अक्का, नाही राहिलं. चूक माझी. घरात असा प्रसंग आला तर दारावर माणसं येतील, हे मी धरलंच नव्हतं."

 अक्का नुसत्या त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला ते बघवेना. माझी जीभ सुटली. "अक्का, आम्ही बघितलं होतं! बातमी कळली त्या दिवशी, दुकानात मोबाइलवर. आबा थांबले होते फाटकात. चांगली दोन मिनिटं थांबले होते."

अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अन्वरला विचारलं, "खरं शे का भाऊ?"

मेलो, म्हटलं. हा माणूस सख्ख्या बापासाठी खोटं बोलायचा नाही. अन्वर हातातली वायर गुंडाळत होता. पूर्ण गुंडाळली. "हो अक्का," म्हणाला. "थांबले होते. मग स्वतःशीच हसले, मान हलवली, नि गेले."

अक्कांनी पदर तोंडात कोंबला आणि त्यांना रडू फुटलं. नवल धावत आला. आम्ही शिडी उचलून बाहेर पडलो.

गाडीपाशी मी त्याची पाठ थोपटली. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, निभावलंस! त्याने माझा हात झटकला. एवढा दमलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"दोन मिनिटं म्हणालास, गाढवा," तो म्हणाला. "तो माणूस दोन मिनिटं वाट बघत उभा होता आणि आपण ओ दिली नाही, हे त्या बाईने मरेपर्यंत उराशी घेऊन बसायचं? म्हणून मला आबांना हसवावं लागलं."